उजवीकडे कललेला माणूस

मी चाकाची खुर्ची बोलतेय. रुग्णालयाच्या दारात उभी असते ना, तीच.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत झाला. एका कुटुंबाने आजोबांच्या स्मरणार्थ मला घाटकोपरकडच्या एका रुग्णालयाला दिलं, पाठीवर त्यांचं नाव रंगवलं. फार मिरवले मी तेव्हा. वाटलं, आता येईल त्याला सारखंच न्यायचं. भाबडेपणा माझा, दुसरं काय!

बसवून घेणं माझ्या हाती, ढकलणं माणसांच्या. आणि माणसं आधी चपला बघतात. एकदा इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ खरोखरच पिऊन आले. पॅसेजभर वास. "सर, चक्कर येतेय का?" असं विचारत त्यांना धावत आत नेलं.

पुढच्याच आठवड्यात धोंडिराम आले. गटारं साफ करणारे. सकाळी कामावरून घरी येताच कोसळले होते. मागे हाताची जखम दाखवायला आले, तेव्हा डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून लांबूनच औषध लिहिलं होतं. ते त्यांच्या बायकोच्या, राधाबाईंच्या, मनाला लागलं होतं. म्हणून आज रिक्षात बसवण्याआधी त्यांनी नवऱ्याचे हात, मान, छाती सॅनिटायझरने पुसून काढली.

त्या दारूसारख्या वासानेच घात केला.

"टाकून आलाय," वॉर्डबॉय म्हणाला. "या गटारवाल्यांना पिल्याशिवाय काम जमतच नाय. उतरली की बघू."

डॉक्टरांनी दारातूनच बघून मान डोलावली.

"साहेब, हे सुपारीपण खात नाहीत हो!"

"सगळ्या बायका हेच सांगतात."

मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून लावलं. प्यायलेली माणसं मी पुष्कळ वाहिली आहेत; ती दोन्हीकडे डुलतात. धोंडिराम एकाच बाजूला, उजवीकडे कलत होते. त्यांचा उजवा हात सारखा माझ्या चाकावर घसरायचा आणि त्यांची मुलगी दर्शना तो उचलून मांडीवर ठेवायची. "आई, पप्पांचा हात बघ ना गं, जीवच नाहीये त्यात!" माझा नुसता जळफळाट होत होता.

नऊला आलेल्या माणसाला दीड वाजता तपासलं. पाळी बदलली होती. नव्या डॉक्टरीणबाई "काका, दोन्ही हात वर करा" एवढंच म्हणाल्या. उजवा हात उठलाच नाही, आणि बाईंचा चेहरा उतरला. मेंदूत रक्ताची गुठळी होती. लवकर कळलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, आता वेळ गेली, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हा कुठे राधाबाईंना ती सॅनिटायझरची बाटली आठवली. "म्हणजे तो वास... मीच पुसलं हो त्यांना. मीच!"

डॉक्टरीणबाई तोवर पुढच्या पेशंटकडे वळल्या होत्या.

धोंडिराम जगले, बोलणं मात्र गेलं. महिन्याच्या महिन्याला ते तपासणीला येतात. राधाबाई त्यांना आता साध्या पाण्याने आंघोळ घालतात, साबणसुद्धा लावत नाहीत. रांगेत कोणी विचारलं की म्हणतात, "माझ्यामुळे झालं."

माझंही एक चाक वाकलंय, पाठीवरचं नाव पुसट झालंय. लवकरच भंगारात जाईन. जाता जाता एवढंच मागते, की दारात आलेल्या माणसाचा वास घेण्याआधी त्याला हात वर करायला सांगा. अर्धं मिनिट लागतं.

आणि राधाबाईंना कोणीतरी सांगा, चूक तुमची नव्हती. मी दर खेपेला सांगते, त्यांना ऐकू जात नाही. धोंडिरामही डावा हात हलवत सांगू बघतात. तोंडातून नुसता घोगरा आवाज येतो, आणि राधाबाईंना वाटतं, त्यांना पाणी हवंय.