मास्तरांकडचे पाहुणे

मास्तरांनी उभं आयुष्य पुरुषांच्या पँटी शिवण्यात घालवलं. गिऱ्हाईक बँकेचा मॅनेजर असो की गोदामातला हमाल, मास्तर गुडघ्यावर बसायचे, टेप लावायचे आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारायचे, "डावीकडे की उजवीकडे?" नवीन माणूस आधी गोंधळायचा, मग पँटीच्या आतला ऐवज कुठल्या बाजूला असतो ते विचारतायत हे कळलं की लाजायचा. मास्तर कानावर खडू अडकवून शांतपणे उत्तराची वाट बघत. पँट नीट बसायची तर एवढं कळायलाच हवं, त्यात शिंप्याला कसली लाज?

अशा माणसाला साठी उलटल्यावर डॉक्टरांसमोर तोंड उघडवेना.

प्रोस्टेटचा कॅन्सर सापडला तो साध्या रक्ततपासणीत. ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली आणि तिच्याबरोबर कॅन्सरही गेला. सुरुवातीला लघवीवर ताबा राहत नव्हता, तोही हळूहळू जमला. एक गोष्ट मात्र गेली ती परत आली नाही. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितली, मग गोळ्या दिल्या, मग इंजेक्शन कसं घ्यायचं ते शिकवलं. गोळ्यांनी नुसतं डोकं दुखलं. इंजेक्शन मास्तरांनी दोनदा घेतलं आणि सोडून दिलं. "जन्मभर सुई हातात धरली," ते बायकोला म्हणाले, "पण ती अशा ठिकाणी टोचून घ्यायची नाही बुवा माझ्याच्यानं."

मग त्यांनी विषयच टाळायचं ठरवलं. अर्जंट ऑर्डर आहे असं सांगून ते खाली दुकानात बसून राहू लागले. आता मास्तरीणबाईही त्याच दुकानात काजं-बटणं करायच्या. ऑर्डर कोणती अर्जंट आणि कोणती नाही, हे त्यांना न कळायला झालं होतं काय? त्यांनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. मग एका सकाळी काज घालता घालता, मान वर न करता विचारलं, "माझ्यावर रागावलाय का?"

"छे गं. तुझ्यावर कशाला?"

"मग पलंगाच्या अगदी कडेला झोपता ते? कूस बदलली तर धाडकन खाली पडाल."

मास्तर कापडावर खडूनं उगाच रेघ मारत राहिले. "आता माझ्यात राहिलंय काय," ते म्हणाले.

"ते मला नका सांगू. तुम्ही जवळच येत नाही, ते मला जास्त लागतं." बाईंनी दातानं दोरा तोडला. "आणि बाकीचं मला नकोच आहे असं म्हटलं, तर ते खोटं होईल."

पुढच्या तपासणीला त्या सोबत गेल्या. मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत बसले आणि विचारायचं ते सगळं बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी खणातून एक नमुना काढून टेबलावर ठेवला. दोन लांब पोकळ नळ्या, त्या लिंगाच्या आत कायमच्या बसवायच्या. मिठाच्या पाण्याची एक छोटी पिशवी, ती पोटात. आणि बोटाच्या पेराएवढा एक पंप, तो खाली अंडकोषांच्या शेजारी. पंप काही वेळा दाबला की पाणी नळ्यांत चढतं. काम झालं की त्याच्यावरची कळ दाबायची, पाणी परत पिशवीत उतरतं. बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

मास्तरांनी तेवढं ऐकल्यावर मान वर केली. नमुना हातात घेऊन उलटसुलट बघितला. "टाके कुठे येतात?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी दाखवलं. मास्तरांनी पसंतीची मान हलवली.

"आणि बिघडलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर पुन्हा ऑपरेशन. आत जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढावंही लागतं, ते मी आधीच सांगतो. आणि एकदा हे बसवलं की मागे फिरता येत नाही."

"टिकतं किती?"

"बहुतेकांचं दहा वर्षं तरी जातं. कधी जास्तही."

बाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तोवर यांची कंबर टिकली म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना एकदम खोकला आला.

ऑपरेशन झालं. मास्तरांनी स्वतःसाठी ढगळ पँटी शिवल्या आणि सूज उतरेपर्यंत तंगड्या फाकून चालले. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, मास्तर, घोड्यावर बसायला शिकताय की काय? मास्तर म्हणाले, पाठ धरलीय. सूज उतरल्यावर दवाखान्यातल्या नर्सनं पंप कसा दाबायचा ते शिकवलं आणि रोज एकदा सराव करायला सांगितलं.

पहिल्यांदा ते बायकोकडे पाठ करून, पलंगाच्या काठावर बसून, स्टोव्हला पंप मारावा तसे पंप दाबत होते. मागून काहीतरी गुदमरल्यासारखा आवाज आला. वळून बघतात तर बाई उशीत तोंड खुपसून हसतायत. मास्तर रुसले. रुसून बसले खरे, पण ज्या अवस्थेत बसले होते तिच्यात फार वेळ रुसता येत नाही. शेवटी त्यांनाही हसू फुटलं. इतकं हसले दोघं की नळ्यांचं कामच राहिलं बाजूला. नंतर आठवण झाली.

चढवणं असं जमलं. उतरवणं जमेना. सुईत अंधारातही दोरा ओवणाऱ्या त्या बोटांना ती एवढीशी कळ सापडायची नाही. मास्तरीणबाईंना पहिल्या झटक्यात सापडली. आणि एकदा कळ त्यांच्या हाती आल्यावर चिडवायचा हक्कही त्यांच्याकडेच आला. त्या सगळ्या प्रकाराला त्यांनी 'पाहुणे' असं नाव ठेवलं. पाहुणे आले का, पाहुण्यांची सोय झाली का, पाहुणे गेले का नीट. मास्तर म्हणायचे, अगं, हळू बोल. त्या म्हणायच्या, घरात पाहुणे येणं हे काय पाप आहे?

एका रविवारी दुपारी दुकान बंद होतं. आज कळ आपली आपण शोधायचीच, असं ठरवून मास्तर वरच्या खोलीत सरावाला बसले. पाणी चढलं. कळ काही सापडेना. कपाळावर घाम आला, बोटं घसरायला लागली. तेवढ्यात जिन्याच्या तळाशी बाईंचा आवाज आला, "अहो, पाहुणे आलेत."

"आलेत ते मला दिसतंय," मास्तर वैतागून ओरडले. "पण जात नाहीत ना."

मग एक जाडाभरडा आवाज वर आला. "आत्ता तर टेकलोय, मास्तर. लगेच घालवायची घाई झाली काय?"

मास्तरांनी आवाज ओळखला. ते व्याही होते.

मुलीचे सासरे गाडी शिकवण्याचा क्लास चालवायचे. शिकाऊ लोकांवर ओरडून ओरडून आवाज तसाच झाला होता. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण भेटेल त्याची टर उडवल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही. लग्नात मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट बघून ते चारचौघांत म्हणाले होते, "कापड उरलेलं दिसतंय." मास्तरांनी ते अजून मनात ठेवलं होतं.

खाली तर जायला हवं. मास्तरांनी शिवायला घेतलेला एक कोट हातावर घेतला, तो पोटापुढे धरला आणि जिना उतरले.

"हॉटेलात नोकरी धरलीत वाटतं," व्याही म्हणाले. "टॉवेल तेवढा पांढरा हवा."

"काम चाललं होतं," मास्तर म्हणाले आणि पटकन कापायच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले. बाईंनी कोटाकडे बघितलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला म्हणून आत सटकल्या. त्यांचे खांदे हलताना मास्तरांना दिसले.

व्याह्यांना पँट शिवायची होती. जुन्या सगळ्या सैल व्हायला लागल्या होत्या. "तुमच्या हातचं एकदा घालून बघू म्हटलं," ते म्हणाले. त्यात चिमटा होता की नव्हता हे कळेना. माप घ्यायचं तर टेबलामागून बाहेर येणं आलं. मास्तर एका हातानं कोट धरून, दुसऱ्यानं टेप सांभाळत कसेबसे गुडघ्यावर बसले. कंबर झाली, लांबी झाली. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "डावीकडे की उजवीकडे?"

आता ही टर उडणार, असं त्यांना वाटलं. मास्तरांनी मान वर केली. व्याही भिंतीवरच्या आरशाकडे बघत होते, पण स्वतःकडे नाही.

"कुठेही धरा," ते म्हणाले. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"म्हणजे?"

व्याही स्टुलावर बसले. तुकडा काढून तपासलाय, ते म्हणाले. प्रोस्टेटच आहे. अजून बाहेर पसरलेलं नाही, आता काढलं तर निघेल, असं डॉक्टर म्हणतात. "मी नाही म्हणून सांगितलं. त्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं, त्यानंतर काय काय बंद पडू शकतं ते. तसं जगायचं असेल तर मला नको. आमची ही अजून केस रंगवते, मास्तर. तिला काय तोंड दाखवू?"

"विहीणबाईंना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तुमचंही ऑपरेशन झालेलं, तुम्हाला कळेल म्हणून आलो. पँट आपली निमित्ताला."

धीर धरा म्हणावं, तर तो धीर मास्तरांनी स्वतः धरला नव्हता. सगळं ठीक होतं म्हणावं, तर ते पुरतं खरं नव्हतं. हा माणूस उद्या सगळीकडे सांगत सुटला तर, असंही एकदा मनात आलं. मग ते उठले आणि हातावरचा कोट बाजूला टेबलावर ठेवून दिला.

व्याह्यांनी बघितलं. एकदा मास्तरांच्या तोंडाकडे, मग पुन्हा खाली.

"मास्तर, मी कॅन्सरचं बोलतोय," ते जरा दुखावून म्हणाले, "आणि तुम्हाला हे काय सुचतंय?"

"सुचत नाहीये काही. पाणी आहे ते," मास्तर म्हणाले, आणि एका दमात नळ्या, पिशवी, पंप, सगळं सांगून टाकलं. "उतरवायची कळ सापडत नाहीये. मघापासून तेच चाललंय."

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. कोट टेबलावर पडलेला बघून त्यांनी ओळखलं की पडदा उठलेला आहे. ट्रे ठेवत त्या म्हणाल्या, "पाहुणे अजून आहेत होय?"

"निघतोच आता," व्याही अर्धवट उठले.

"तुम्ही नाही हो. तुम्ही बसा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "दोन बोटांत धरा, वरच्या अंगाला कळ लागेल. घाबरून सोडू नका, थोडा वेळ दाबून ठेवा. जा."

मास्तर गिऱ्हाइकांच्या कपडे घालून बघायच्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला. बाहेर व्याही स्फुंदायला लागले असं त्यांना वाटलं. नीट ऐकलं तेव्हा कळलं, ते हसत होते. मग खरंच थोडं रडले. मग चहाची बशी वाजली.

"विहीणबाई," व्याह्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, "एक विचारू? राग नाही ना? पहिल्यासारखं असतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी ठरवावं लागतं. मध्ये थांबून उद्योग करावा लागतो. यांना सुख मिळतं, पण पूर्वीपेक्षा वेगळं, असं हे म्हणतात. पण खरं सांगू? पहिल्यासारखं तर आजाराच्या आधीही राहिलं नव्हतं. तेव्हा हे गप्प असायचे. आता बोलतात. आणि मला वाईट दिवस गेले ते ऑपरेशननं नाही. हे तोंड लपवून खाली बसायचे, त्यानं."

व्याह्यांनी कप बशीत ठेवला.

"आणि सगळ्यांना हे बसवावं लागत नाही," पडद्याआडून मास्तर म्हणाले. "काहींचं आपोआप परत येतं, काहींचं गोळ्यांवर भागतं. ते नंतरचं नंतर बघता येतं. आधी तो रोग काढा. आणि आज घरी जाऊन विहीणबाईंना सांगा. सापडली." शेवटचा शब्द कशाबद्दल होता हे दोघांनाही कळलं.

व्याह्यांनी घरी सांगितलं. त्यांच्या बायकोनं आधी त्यांना झाडलं, मग दवाखान्यात फोन करून ऑपरेशनची तारीख मागून घेतली. कॅन्सर पुरता निघाला, असं नंतरच्या तपासणीत दिसलं. बाकीच्या बाबतीत डॉक्टरांनी एक वर्ष तरी थांबा म्हटलंय. व्याह्यांना थांबणं जमत नाही. ते दिवसाआड मास्तरांना फोन करतात, आणि मास्तर फोन घेऊन जिन्यात जाऊन बसतात. मुलीनं आईला विचारलं, लग्नापासून एकमेकांशी धड न बोललेल्या या दोघांचं आता एवढं काय चालतं? आई म्हणाली, सासऱ्यांना विचार. तिनं विचारलं नाही.

परवा व्याही-विहीण दोघं आले होते. चहा झाल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा पाय मोकळे करून या. आम्हाला बोलायचंय." दार आतून लागलं. दोघं फुटपाथवर, चष्मेवाल्याच्या बंद दुकानासमोर उभे राहिले. व्याही अजून सावकाश चालत होते. वरच्या खिडकीतून आधी कुजबुज ऐकू आली, मग मास्तरांच्या बायकोचा आवाज, मग विहीणबाईंचं हसणं. ते थांबता थांबेना.

"आपल्याबद्दलच चाललंय," व्याही म्हणाले.

"मग काय," मास्तर म्हणाले. "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. इतक्यात दार उघडायचं नाही."