कागदाचे गोळे

"हलू नका हो मावशी," म्हणत मोहिनी मॅडमनी काळी टोकदार टोपी झुंबरबाईंच्या डोक्यावर बसवली, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि त्या खुदकन हसल्या. "परफेक्ट! तुम्हाला तर मेकअपसुद्धा लागणार नाही."

झुंबरबाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "हे काय आहे मॅडम?"

"विच. चेटकीण. उद्या पालक येणार ना, तेव्हा तुम्ही चेटकीण व्हायचं. हातात झाडू घ्यायचा, ही टोपी घालायची आणि वाकून चालत यायचं. मग मुलं तुम्हाला ते कागदाचे गोळे मारणार आणि पळवून लावणार. व्हिडिओ काय मस्त येईल!"

"मी नाही घालणार ही टोपी."

मेहरूण तलावाजवळच्या मोहिनी मॅडमच्या प्लेग्रुपमध्ये झुंबरबाईंना सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्यांनी कशालाही नाही म्हटलं नव्हतं. पोरांच्या ओकाऱ्या पुसल्या, त्यांना शी-शू सांगायला शिकवलं, दुपारी उन्हात फाटकाशी उभं राहून एकेक पोर ज्याच्या त्याच्या हवाली केलं. त्यांचं नाव तिथे कोणी घेत नसे. मॅडमसाठी, पालकांसाठी, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे त्या नुसत्या 'मावशी' होत्या.

"का? काय प्रॉब्लेम आहे?"

"नाही घालणार. दुसरं काहीही सांगा, करीन."

"कारण तर सांगाल?"

झुंबरबाईंनी टोपी मॅडमकडे सरकवली. कारण होतं, पण ते न सांगण्याची त्यांना पन्नास वर्षांची सवय होती.

"ठीक आहे, दिपमाला घालेल," मॅडम म्हणाल्या आणि जाता जाता दुसऱ्या मदतनीस दिपमालाच्या कानाशी, पण झुंबरबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या, "जरा वेगळं काही करायला सांगितलं की यांचे नखरे सुरू."

दिवाळीची सुट्टी चालू होती, पण नोकरी करणाऱ्या आईबापांच्या सोयीसाठी मॅडमनी पाच दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. भुतांचं शिबिर. परदेशात या दिवसांत असं करतात म्हणे. मॅडमनी मोबाइलवरून यादी काढली होती, त्यात भूत, वटवाघूळ, कोळी आणि दात विचकणारं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, होतं. यादी मॅडमची असली तरी करून घेणाऱ्या झुंबरबाईच, कारण अडीच-अडीच वर्षांची ती बावीस पोरं दुसऱ्या कोणाजवळ पाच मिनिटं बसत नसत.

खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजाही आली होती. दिपमाला पाचोऱ्याकडची. तिच्या वडिलांच्या शेतातला पिशवीभर कापूस तिनं आणला होता, सरकीसकट. पोरांनी तो पिंजला, नाकातोंडात घातला, उरलेला काळ्या कागदावर खळीनं चिकटवला. डोळ्यांच्या जागी झुंबरबाईंनी आपल्या पाकिटातल्या दोन-दोन टिकल्या लावल्या. बावीस भुतं झाली. अंड्यांच्या ट्रेची वटवाघळं केली. गंगाफळाला सुरी न लावता कागदी दात डकवले.

बुधवारी त्यांनी कागद चुरगळायला शिकवलं. शर्वी नावाची एक पोर होती, दोन वर्षं आठ महिन्यांची. शाळेत ती कोणाशी बोलत नसे. तिच्या इवल्या पंजांवर आपले पंजे ठेवून झुंबरबाई म्हणत होत्या, "दाब. अजून दाब. हां, गोल गोल." शर्वीचे पहिले तीन गोळे फुलासारखे उमलून गेले. चौथा टिकला. तो घेऊन ती वर्गभर धावली आणि शेवटी झुंबरबाईंच्या मांडीवर आणून ठेवला. संध्याकाळपर्यंत टोपली भरली. खराट्याच्या काड्यांचे पाय लावून या गोळ्यांचे कोळी करायचे, अशी झुंबरबाईंची समजूत होती. गुरुवारी मॅडम टोपी घेऊन आल्या, तेव्हा कुठे त्यांना कळलं की ते मारायला होते.

त्या दुपारी भुतं भिंतीवर लावताना दिपमालानं विचारलं, "मावशी, भुतं तर तुम्ही एवढ्या हौसेनं केली. मग त्या टोपीचं काय एवढं?"

"भूत कोणी पाहिलंय बाई? कापसाचं कर, नाही तर कागदाचं. त्याला काय वाटणार आहे?"

"मग चेटकीण तरी कोणी पाहिली?"

झुंबरबाईंनी चिकटपट्टी दातानं तोडली. "तू नको घालू ती टोपी."

"मी नाही म्हटलं तर मला काढून टाकतील. तुमचं बरं आहे, तुमच्याशिवाय पोरं राहत नाहीत."

शुक्रवारी अकरा वाजता हॉल भरला. पोरांच्या गालांवर मांजराच्या मिशा काढल्या होत्या. आईबाप खुर्च्यांवर कमी आणि मोबाइल धरून उभेच जास्त. मॅडम माइकवर होत्या. "आणि आता येतेय दुष्ट, काळी चेटकीण!"

काळी ओढणी पांघरलेली, गालांना काजळ फासलेली दिपमाला वाकत वाकत आत आली. एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

"घाबरायचं नाही! चेटकिणीला काय करायचं? मारायचं! मारा, मारा, पळवून लावा!"

टोपली झुंबरबाईंच्या हातात होती. प्रत्येक पोराच्या हातात गोळा देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. हाताला सवय असते. तसे त्यांनी आठ-दहा गोळे दिलेसुद्धा. मागून बाप ओरडत होते, "मार ना बेटा! जोरात मार!" आया पोरांचे हात धरून नेम धरायला शिकवत होत्या. पहिला गोळा वाटेतच पडला. दुसरा दिपमालाच्या खांद्यावर बसला. सांगितल्याप्रमाणे तिनं तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि ती किंचाळली, "वाचवा! वाचवा!"

झुंबरबाईंनी टोपली खाली ठेवली आणि त्या तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

गोळे आता त्यांना लागू लागले. एक छातीवर लागला, एक चष्म्यावर. लोक आणखी हसले. हाही कार्यक्रमाचाच भाग असेल, असं त्यांना वाटलं. "अरे वा, मावशी पण!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. शर्वी पुढे धावत आली. बुधवारी शिकलेला घट्ट, गोल गोळा तिनं सगळा जोर लावून फेकला. तो झुंबरबाईंच्या गुडघ्याला लागला. शर्वी उड्या मारायला लागली आणि शाबासकीसाठी त्यांच्याच तोंडाकडे बघू लागली.

"बस झालं," झुंबरबाई म्हणाल्या. कोणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी मॅडमपुढे हात केला. का कोण जाणे, मॅडमनी माइक दिला.

"माझं नाव झुंबरबाई," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज एवढा मोठा ऐकून त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "माझ्या आईचं नाव सुगंधाबाई लोटन. तिला आमच्या गावानं डाकीण ठरवलं होतं. शेजारचं पोर तापानं गेलं. आदल्या दिवशी माझ्या आईनं त्याला भाकरी दिली होती. तेवढंच. चौकात बसवून तिचे केस कापले. मग दगड मारले. मोठ्या माणसांनी नाही मारले. लहान पोराला पाप लागत नाही म्हणे, म्हणून पोरांच्या हातात दगड दिले आणि मागे उभं राहून सांगितलं, मारा, हाकला हिला. मी सात वर्षांची होते. माझ्याही हातात दिला." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "मी मारला."

शर्वीच्या आईनं, ज्योत्स्नानं, मोबाइल खाली घेतला.

"अहो, लहान मुलांसमोर हे असलं काय बोलताय?" मागून एक बाप चिडून म्हणाला.

"ते पण लहान मुलांसमोरच झालं होतं, भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या.

मॅडमनी माइक ओढून घेतला. "चला चला, आता खाऊ! बाहेर टेबल लावलंय, सगळ्यांनी या." माणसं लगबगीनं उठली. एवढ्या लगबगीनं की भिंतीवरची आपापल्या पोराची भुतं काढून घ्यायचंही कोणाला सुचलं नाही.

अर्ध्या तासानं मॅडमनी त्यांना ऑफिसात बोलावलं. "पन्नास वर्षांपूर्वीचं ते, मावशी. कुठल्या खेड्यातलं. आम्ही मजा म्हणून करतो आणि तुम्ही सगळ्यांच्या तोंडात माती घातलीत. पालक काय म्हणतील? सोमवारपासून येऊ नका."

"बघायला आलेले बरेचजण तेव्हाही मजा म्हणूनच आले होते," झुंबरबाई म्हणाल्या. कपाटातून त्यांनी आपला डबा आणि घरची चप्पल काढून पिशवीत टाकली. "शर्वीला दूध गरम चालत नाही. नवीन बाईला सांगा."

फाटकापर्यंत दिपमाला सोबत आली. एका गालावरचं काजळ तिनं पुसलं होतं, दुसऱ्यावर तसंच होतं.

"तुम्ही मला काल सांगायचं होतं, मावशी."

"सांगितलं असतं तर तू टोपी घातली नसती?"

दिपमाला दुसऱ्या गालावरचं काजळ पुसायला लागली. झुंबरबाईंना तिचा राग आला नाही. तिच्या घरी काय आहे, ते त्यांना ठाऊक होतं. पण तिला बरं वाटावं म्हणून काही खोटं बोलायचीही आज त्यांची इच्छा नव्हती.

त्या घरी गेल्याच नाहीत. थेट स्टँडवर जाऊन त्यांनी धुळ्याची एसटी धरली. एरंडोल येईपर्यंत अंगात नुसता संताप होता. मॅडमवर, 'जोरात मार' म्हणणाऱ्या त्या शिकल्यासवरल्या बापांवर, सहा वर्षं मान खाली घालून राहिलेल्या स्वतःवरही. पारोळा मागे पडलं, तशी संतापाच्या खालून भीती वर यायला लागली. गाव सोडून आई दोन पोरांना घेऊन धुळ्याच्या स्टँडवर उतरली होती, तेव्हा पदर कपाळावर ओढून तिनं एकच गोष्ट सांगितली होती. हे कोणालाही सांगायचं नाही. आईनं पुढे जिनिंग मिलमध्ये कापूस निवडला, दोन्ही पोरं वाढवली, पण त्या गावाचं नाव घरात कधी निघालं नाही. झुंबरबाईंचा नवरा डाळमिलमध्ये होता. बावीस वर्षं संसार करून तो गेला. त्यालाही हे माहीत नव्हतं. आणि आज चाळीस परक्या माणसांपुढे, माइकवरून, आईचं नाव घेऊन त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

आई धाकट्या भावाकडे, अभिमनकडे, राहत होती. झुंबरबाई पोचल्या तेव्हा घरात ती एकटीच होती. ब्याऐंशीची झाली होती, कान मात्र शाबूत होते. पुढ्यात ताटली घेऊन ती दुधात भाकरी कुस्करत बसली होती. झुंबरबाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या आणि पाणीसुद्धा न पिता त्यांनी सगळं सांगितलं. टोपी, गोळे, माइक, नोकरी. म्हातारी भाकरी कुस्करत राहिली.

"मना हातमा बी दगड दिधा व्हता, माय," झुंबरबाई शेवटी गावाकडच्या बोलीत म्हणाल्या. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्या दोघींत कधी बोलली गेली नव्हती. "मी बी मारा."

म्हातारी कुस्करायची थांबली.

"बठ्ठा लागनात, एकूनएक," ती म्हणाली. "त्यामा तुना कोनता, माले काय ठाऊक?"

हे खरं होतं की मुलीसाठी जुळवलेलं, ते झुंबरबाईंना तिच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. म्हातारीनं त्यांना रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. जरा वेळानं तिनं विचारलं, "मनं नाव सांगं का तू तठे?"

"सांगं." झुंबरबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. "चुकनं का, माय?"

"काय नाव सांगं?"

"सुगंधाबाई लोटन."

"लोटन कसाले?" म्हातारीचा आवाज एकदम चढला. पन्नास वर्षांत तिचा असा आवाज झुंबरबाईंनी ऐकला नव्हता. "तुना बाप गर्दीमा उभा व्हता. एक शबद बोलना नही तो. त्यानं नाव कसाले लावं माले? मना बापनं नाव लावानं व्हतं. वना."

"बरं, माय."

"बरं नही. सांग."

"सुगंधा वना."

"परत सांग."

"सुगंधा वना," झुंबरबाई मोठ्यानं म्हणाल्या.

"हां," म्हातारी म्हणाली आणि तिनं ताटली पुढे ओढून घेतली.