कान तपासला

"ह्याला बोलता येतं का?" केसपेपर काढणाऱ्या बाईंनी मला विचारलं.

"येतं," दादा म्हणाला.

"काय म्हणाला?"

"येतं म्हणाला," मी सांगितलं.

"ते ठीक आहे, पण येतं का?"

मी हो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. दादा अडतीस वर्षांचा, मी त्याच्याहून चौदा वर्षांनी धाकटा आणि तीनदा नापास. पण दोघांत साक्षीला चालण्यासारखा मीच निघालो. दादाला अक्षर येत नाही, हिशेब येत नाही. बाईंनी वयाच्या पुढे 'मतिमंद' लिहिलं आणि पेन बंद केलं.

सोळा वर्षं दादा जॅमच्या कारखान्यात बाटल्यांच्या झाकणांवर चमचा वाजवतो. घट्ट बसलेलं झाकण टणकन बोलतं, हवा शिरलेलं भद्द वाजतं. मालकांनी या कामाला मशीन आणलं होतं. मशीन परत गेलं, दादा राहिला. चार दिवसांपूर्वी त्याचा उजवा कान ठणकायला लागला, तेव्हापासून तो कानावर तळहाताने मारून घेतोय. काल त्याने दिवसभरातल्या सगळ्या बाटल्या बाद केल्या. मालक म्हणाले, कान बरा करून आण, नाहीतर लेबलं चिकटवायला बसवतो.

आत सिस्टरनी त्याच दुखऱ्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून नाव विचारलं. दादाने मान झटकली. केसपेपरवर लाल कागद चिकटला : 'आक्रमक'. मग दोन वॉर्डबॉय मामा बांधायचे पट्टे घेऊन आले. दादा बाकावर सरकला, त्यांना जागा करून दिली. ते बसले. आपण धरायला आलोय हे आठवल्यावर पुन्हा उठले.

डॉक्टर तिशीतले होते. दादाकडे न बघता त्यांनी मला समजावलं की ही मुलं असंच करतात, मारून घेतात, डोकं आपटतात, तो त्यांच्या आजाराचाच भाग असतो. मी म्हटलं, एकदा कानात बघा तरी.

"हलला आणि पडदा फाटला तर जबाबदारी कोणाची?"

तो हलणार नाही, मी म्हटलं. किती स्थिर बसावं लागतं याची तुम्हाला कल्पना नाही, असं म्हणून त्यांनी दाखवण्यासाठी दुर्बीण माझ्या कानात घातली. मी बसलो स्थिर. भरपूर मळ सापडला. डॉक्टर पहिल्यांदाच खुलले. केसपेपर एकच, दादाचा. त्यावर त्यांनी लिहिलं : 'कान तपासला. मळ. थेंब घालणे.' खाली शांत राहायची गोळी.

"डॉक्टर, तो कान माझा होता."

"मला कळतं," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

गोळी सिस्टरनी समोरच गिळायला लावली. पाच मिनिटांत, पॅसेजमध्ये, दादाचा हात कानावरून खाली आला. कानातून पिवळा पू आणि रक्ताचा एक धागा कॉलरवर उतरत होता.

"थांबलं," तो म्हणाला. चार दिवसांनी हसत होता.

"बघा, गोळीने कसा शहाण्यासारखा वागतोय," सिस्टर म्हणाल्या. मी कॉलर दाखवली. त्यांनी कागद दाखवला. कान तर तपासलाय. डॉक्टर जेवायला गेलेत, उद्या या.

संध्याकाळी दुसऱ्या दवाखान्यात कळलं, आत पू साठून पडदा फाटला होता. ऐकू कितपत येईल, सांगता येत नाही. इतके दिवस काय झोपला होता का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. अर्थात, मला.

घरी चालत निघालो. अर्ध्या रस्त्यात दादा माझ्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आला. मला वाटलं, गाड्यांपासून मला आत घेतोय, लहानपणी घ्यायचा तसा. मी काहीच बोलत नव्हतो. तरी त्याने डावा कान माझ्याकडे कलता केला आणि मान तशीच ठेवून चालत राहिला.