कव्हरवर वाल्तेरी

मेटल बँडवाल्यांच्या कव्हरांसाठी मढ्यांची चित्रं काढणं हा माझा धंदा. सांगाडे, सडकी तोंडं, बरगड्यांतून उगवलेली झाडं, सांगाल ते काढतो. आमच्या फिनलंडातल्या कुओपियोच्या दफनभूमीच्या रखवालदाराने पाहिली नसतील इतकी मढी मी पाहिलीत, असं इथली पोरं कौतुकाने म्हणतात. काय कपाळ पाहिलीत! सगळी कागदावरची.

त्या उन्हाळ्यात 'हाल्ला' बँडचा रिकु माझ्याकडे आला. गिटार वाजवतो, दाढी पार पोटापर्यंत, बोलणं मात्र बालवाडीच्या बाईंसारखं मऊ. त्यांचा गायक वाल्तेरी आदल्या नोव्हेंबरात स्नोमोबाइल घेऊन सरोवरावर गेला आणि कच्च्या बर्फातून खाली गेला. सापडला तो मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर.

"हान्नु, नव्या अल्बमचा मॅस्कॉट वाल्तेरीच," रिकु म्हणाला. "अर्धा कुजलेला, पाण्यातून वर येताना. इथून पुढे प्रत्येक कव्हरवर, प्रत्येक शर्टावर तोच. म्हणजे तो मरतच नाही, कळलं का?"

बाहेरच्याला ऐकून शिसारी येईल. आमच्यात मित्राचं मढं कव्हरवर लावणं म्हणजे चौकात त्याचा पुतळा उभारणं. मला पटलं. रिकुचे डोळे भरले होते, माझेही भरले, खोटं कशाला बोलू.

"त्याच्या आईला विचारलंस?"

"तेच तर. ती हो म्हणाली तरच करायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तू जाशील? मला नाही जमत रे तिच्यासमोर बसायला."

गेलो. वाल्तेरीची आई मार्केत्ता आणि आम्ही पूर्वी एकाच जिन्यावर राहायचो, म्हणून मी तिला मावशी म्हणतो. वाल्तेरीला मी रांगताना पाहिलाय. कव्हरसाठी येतोय एवढंच फोनवर सांगितलं होतं; कच्चं चित्र गुंडाळून काखेत धरलं होतं. दारात बूट काढले तोवर तिने कॉफी ओतली, वेलचीचे गोड पाव पुढे केले, आणि फोटोंचा ढीगच टेबलावर मांडला.

"कुठला नेतोस? हा बघ चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीचा, पांढऱ्या झग्यातला. कसा शहाण्यासारखा उभा आहे नालायक!"

"मावशी, फोटो नकोय गं. चित्र आहे. आमच्या पद्धतीचं."

"मग दाखव की. लपवतोस काय?"

मी कागद उलगडला. मनात म्हटलं, आता कानाखाली बसणार. तिने चष्मा लावला. एकेक कोपरा बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ मेलं केवढ्यांदा वाजत होतं.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"दात असे दिसत नव्हते. ओठ होते त्याला, सुजलेले. सगळं तोंडच फुगलं होतं, दुधात टाकलेल्या पावासारखं. आणि केस एवढे कुठले? एका बाजूचे निघून आले होते. डोळे तर..." ती थांबली.

माझ्या हातात पेन्सिल होती. ती कधी काढली, मलाच कळलं नाही. गुपचूप खिशात सारली.

"ओळख पटवायला मीच गेले होते ना," ती सांगू लागली. "पोलीस म्हणाले, दातांवरून करू, तुम्ही येऊ नका. म्हटलं, आई आहे मी, मी बघणार. पण एकटीने जायची छाती होईना. रिकुला फोन केला. माझ्या हातचं खाऊन वाढलेला पोरगा. इतकी वर्षं प्रेतांची गाणी करतोय, म्हटलं याला तरी भीती वाटायची नाही."

"मग?"

"म्हणाला, मला तो होता तसाच लक्षात ठेवायचाय." मावशी हसली. तसं हसू कुणाच्या वाट्याला येऊ नये. "मलाही तेच हवं होतं रे. मला कोणी विचारलं?"

मी चित्र गुंडाळायला घेतलं. "नाही म्हणून सांगतो त्याला."

"नाही कशाला? करा म्हणावं. पण आधी त्याने इथे येऊन बसावं आणि मी काय पाहिलं ते ऐकून घ्यावं. सगळं, शेवटपर्यंत. लोक येतात, केक खातात, 'शांत झोपलाय तो' म्हणून निघून जातात. कुठला शांत! माझ्या एकटीच्या डोक्यात किती दिवस ठेवू मी ते? रिकुने ऐकलं की काढा मग काय काढायचं ते."

जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांची तालीम चालते. तिथेच रिकुला गाठलं आणि शब्दन् शब्द सांगितला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू ऐकलंस का सगळं?"

"थोडं."

"मग तूच पुन्हा जा ना, हान्नु. नीट ऐकून घे. चित्रही अगदी खरं होईल."

माझं टाळकंच सणकलं. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालास, आणि मढं बघितलेल्या बाईसमोर बसायला तुझी फाटते? स्टेजवर मृत्यू मृत्यू म्हणून बोंबलतोस कोणत्या तोंडाने?"

"ते गाणं असतं रे," तो रडायलाच लागला. "मी ते ऐकलं तर मला पुन्हा झोप नाही लागायची."

"तिला लागते?"

मी चित्र घेऊन बाहेर पडलो. त्यांनी नंतर दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं. आई नाही म्हणाली नव्हती ना, मग झालं तर! दात मस्त दाखवलेत, केस लांबसडक, लोक अंगावर गोंदवूनही घेतात.

मला मात्र चैन पडेना. कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि रिकु शेपूट घालून बसला होता. म्हणून पानगळीच्या दिवसांत मीच पुन्हा गेलो. मावशीने कॉफी केली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. शेवटी हिय्या करून म्हटलं, "मावशी, तो नाही यायचा. मला सांग. मी ऐकतो सगळं."

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

"तुला नको रे बाबा," ती म्हणाली. "तू काढशील."

नाही काढणार, असं शपथेवर सांगायला मी तोंड उघडलं. शब्द काही फुटेना.