पुसायचा, धुवायचा नाही

मी एक जुना दगडी खलबत्ता आहे. खरे म्हणजे मी नुसता खल. बत्ता हा माझा जोडीदार. पण लोक आमचे नाव एका दमात घेतात. तो मारत आला, मी खात आलो. संसार म्हणतात तो यालाच.

मित्रांनो, एका पाथरवटाने मला घडवले. छिन्नीच्या घावांबद्दल इतर दगड फार अभिमानाने बोलतात. मला ते मुळीच आवडले नव्हते. पुढे बाजारात एका शिंप्याच्या नव्या नवरीने मला उचलून पाहिले, पोटात बोट फिरवले आणि म्हणाली, "हा जड आहे. जागचा हलायचा नाही." नवराही तिने याच कसोटीवर पसंत केला असावा. शिंपी एकदा शिलाई मशीनवर बसला की जेवणासाठी चार हाका मारल्या तरी उठत नसे.

तो आपणहून उठे ते फक्त कोकराच्या मटणासाठी. सुटीच्या दिवशी ते शिजायचे. मोहरी, मिरी आणि लसूण माझ्या पोटात भरड कुटायचे, मटणाला चोळायचे आणि मंद आचेवर ठेवून द्यायचे. वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई. ज्यांचे कपडे अजून बेतलेही नसत, ती गिऱ्हाइकेसुद्धा त्या दिवशी भांडायचे विसरत. कौतुक मात्र माझे होई. "सगळं खलाचं देणं आहे," असे शिंपीण म्हणे. तिचा एक दंडक होता : खल पुसायचा, धुवायचा नाही. धुतला की मुरलेली चव जाते. पुसायला दुकानातल्या चिंध्या होत्याच. त्याही काळ्या-निळ्या, म्हणजे डाग दिसायला नको. त्या घरात चहाचा कप दोनदा विसळत, पण मला कधी पाण्याचा थेंब लागला नाही. मी याला मान समजत होतो. जगात असे समजणारा मी एकटाच नाही.

मग शिंपीण वारली. दंडक मागे राहिला. तो सांभाळायला शिंप्याची थोरली बहीण आक्का घरात होती. स्वयंपाक सुनेकडे आला आणि सुनेवर नजर ठेवण्याचे काम आक्कांकडे. शिंपी पहिल्यापेक्षाही गप्प झाला. ताट मशीनपाशी नेऊन द्यावे लागे. सुटीच्या दिवशी मात्र वास सुटला की तो उठून येई आणि न बोलावता पाटावर बसे. सून म्हणायची, "आठवड्यातून एकदा तरी दादा घरात असतात."

एका सुटीला जेवता जेवता त्याचे ओठ सुजू लागले.

"दादा, आरशात बघा जरा," सून घाबरून म्हणाली.

"कशाला? दाढी सकाळीच केलीय."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि मोहरीवर बोट ठेवले. आक्का म्हणाल्या, "अहो, जन्मभर खाल्लीय त्यानं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणूनच आता पुरे. घरात मोहरी ठेवूच नका. पुन्हा सूज आली तर ते मटणच बंद करा. घशात उतरली तर श्वास अडेल."

मोहरीची बरणी त्याच दिवशी शेजारी गेली. आक्कांचे म्हणणे पडले की मटणही सोडावे, दूधभात काय वाईट? सून म्हणाली, "दूधभातासाठी दादा मशीनवरून उठणार आहेत का? मटण राहू दे. मसाला बदलू."

आणि मित्रांनो, तिने खरोखर जीव ओतून मसाला बदलला. पहिल्यांदा बडीशेप आणि दालचिनी घेतली. माझ्या पोटात कुटली. असा गोडसर, उबदार वास मी आयुष्यात घेतला नव्हता. शिंप्याने पहिला घास घेतला, मान डोलावली, दुसरा घेतला, आणि ओठ कडेने फुगू लागले.

"बडीशेप बाधली," आक्कांनी निकाल दिला. बडीशेप गेली. दालचिनी तिच्या संगतीत सापडली म्हणून तीही गेली.

पुढच्या खेपेला सुंठ आणि मिरी. पुन्हा सूज. सुंठ गेली. मिरी इतकी वर्षे इमानाने राबली होती, तिचीही गय झाली नाही. निरपराध मंडळी एकामागून एक शिक्षा भोगायला चालली होती आणि खरी गुन्हेगार माझ्या पोटाच्या खरबरीत भिंतीला चिकटून आरामात बसली होती. मला सगळे माहीत होते. पण दगडाला साक्षीला कोण बोलावतो?

"आता एकदाच," सून म्हणाली. "या वेळी सूज आली तर मीच मटण बंद करीन." तिने पुदिना आणि शेपू आणला, सुरीने बारीक चिरला आणि तेवढ्यावरच मटण शिजवले. मी फडताळात रिकामा बसलो होतो. शिंपी जेवला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ जागच्या जागी होते.

"कसं झालंय, दादा?"

"चांगलं आहे. कोकरू जिवंतपणी जे खात होतं त्याचीच चव लागतेय."

सून हसली, पण तिचा चेहरा पडला. तो एवढेच बोलून अर्ध्या ताटावरून उठला होता. आक्का तिची समजूत घालायला म्हणाल्या, "जाऊ दे गं. पानं सोसतात त्याला. कुटलेलं काही सोसत नाही, एवढंच खरं."

सुनेने हातातले भांडे खाली ठेवले. "काय म्हणालात आक्का? कुटलेलं?"

तिने मला फडताळातून उतरवले. हाताशी जी चिंधी लागली ती पांढरी होती, कुणाच्या तरी सदऱ्याची उरलेली. तिने ती ओली करून माझ्या पोटात दाबून फिरवली. बाहेर आली ती पिवळी होऊन. तिने हुंगली आणि आक्कांच्या नाकासमोर धरली.

"मोहरी," आक्का पुटपुटल्या. मग एकदम माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण धुवायचा नाही! तिचा हात मुरलाय यात. तेवढंच उरलंय तिचं."

शिंपी दारात उभा होता. त्याने ती चिंधी घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, जशी गिऱ्हाइकाच्या कापडावरची खोट पाहायचा तशी.

"आक्का, असा डाग असलेलं कापड तिनं मला कधी शिवू दिलं नाही," तो म्हणाला. "म्हणायची, आधी धुऊन आणा."

आक्कांनी मला उचलले. सून पुढे झाली तशा म्हणाल्या, "तू राहू दे. तू घासशील भांडं घासल्यासारखा." मोरीत नेऊन त्यांनी आधी माझ्या तोंडाशी तोंड नेऊन एक लांब श्वास घेतला. मग जाडे मीठ आणि कढत पाणी घातले. त्या कितीतरी वेळ घासत होत्या.

तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्याच की दगडाच्या छिद्रांचा भरवसा नको. शिंप्यासाठी पितळी खलबत्ता आला. बडीशेप आणि दालचिनी निर्दोष सुटून परत आल्या. त्या सुटीला वास सुटला, मशीन थांबली, आणि शिंपी न बोलावता पाटावर येऊन बसला. ताट रिकामे झाले तसे सगळे पुन्हा त्याच्या ओठांकडे बघू लागले.

"काय बघताय? दाढी सकाळीच केलीय," तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केले. "वाढा अजून."

बत्ता आता दुकानात कापडावर वजन म्हणून बसतो. माझ्या बुडाला शिंप्याच्या मुलाने छिन्नीने भोक पाडले. मित्रांनो, दुखले. आक्कांनी माझ्यात माती भरून पुदिना लावला आणि मला खिडकीत ठेवले. दर सुटीला सून येऊन चार पाने खुडते, मटणावर घालायला.

तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी जुने असेल तर त्याला जपा, त्याचे कौतुक करा. पण अधूनमधून त्याला पाणी दाखवा. आम्हाला वाटते तितके ते वाईट नसते. आक्का मला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतात, आणि घालून झाले की पदराने माझा काठ पुसतात.