एकटीचे तिकीट

"जाण्याचं कारण काय लिहू, काकू? फिरायला, कामाला, की नातेवाइकांना भेटायला?" ट्रॅव्हल ऑफिसातल्या मुलीने विचारले.

"मुलाला भेटायला."

"अरे वा. त्याचा तिकडचा पत्ता?"

तिने पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला. तिकडे मुलासोबत एकाच खोलीत राहिलेल्या मित्राने तो लिहून पाठवला होता. दफनभूमीचे नाव, रस्ता, रांग चौदा, जागा नऊ. मुलीचे पेन थांबले.

"फिरायला असंच लिहू या," ती म्हणाली. "नाहीतर उगाच चार प्रश्न विचारतात."

"खोटं नाही ना होणार ते?"

"नाही हो काकू. फिरालच की थोडं."

इस्पितळाच्या कपडेघरात ती शिवणकाम करायची. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांच्या झग्यांचे तुटलेले बंद. तेवीस वर्षे तेच. माहेर दोन गल्ल्या पलीकडे. एकटीने ती शेजारच्या गावालाही कधी गेली नव्हती. मुलगा वेल्डर होऊन परदेशी गेला आणि दीड वर्षातच तापाचे निमित्त होऊन संपला. इकडे कळेपर्यंत चार दिवस उलटले होते. त्याला परत आणणे झेपण्यासारखे नव्हते. मित्रांनीच तिकडे पुरले. त्यालाही आता तीन वर्षे झाली होती.

तिकिटाचे तिने नवऱ्याला सांगितले तेव्हा तो दाढी करत होता.

"तुम्हीपण चला ना."

"माती बघायला इतक्या लांब कशाला जायचं?" तो आरशातूनच म्हणाला. "तुला स्टेशनातला फलाट सापडत नाही, विमान काय सापडणार?"

"विचारत विचारत जाईन. तोंड आहे मला."

तयारीत महिना गेला. जेवणाच्या सुट्टीत कपडेघरातल्या बायका तिचा अभ्यास घेत. मोठ्या सिस्टर दोनदा परदेशी जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हातातल्या सामानात कात्री सापडली तर काढून घेतात हं. तुमचा तर जीव कात्रीत." सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि मग आपण हसलो याचेच तिला वाईट वाटले.

मुलाच्या मित्राचा फोन आला. "मावशी, मी विमानतळावर येतो. पाटी घेऊन उभा राहीन."

"पाटीवर काय लिहिशील, बाळा?"

"त्याचं नाव लिहितो. लांबूनसुद्धा वाचता येईल तुम्हाला."

मित्र बराच वेळ "मावशी, ऐकू येतंय ना?" म्हणत राहिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बॅग भरत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"एक सांगायचं राहून गेलंय."

ती स्वेटरची घडी घालत राहिली.

"त्याचा फोन आला होता. आजारी पडायच्या आठवडाभर आधी. तू कामावर होतीस. म्हणाला, बाबा, मला नाही जमत इथं, परत येऊ का? मी म्हटलं, दम धर. असा हात हलवत आलास तर लोक तोंडात शेण घालतील."

तिचे हात थांबले. तीन वर्षे हा माणूस रोज तिच्या शेजारी बसून जेवला होता.

"त्याला एवढं सांग की..."

"काय सांगू?"

तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. तिने घडी घातलेला स्वेटर उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला. मग तसाच बॅगेत कोंबला.

सकाळी बॅग त्यानेच बसथांब्यापर्यंत उचलून आणली. वाटेत दोनदा हात बदलला. तिने "द्या इकडे" म्हटले नाही. बस आल्यावर मात्र तिने बॅग त्याच्याकडून घेतली आणि पायरीवर चढून वळली.

"पुढच्या वर्षी तुम्ही जा," ती म्हणाली. "एकटेच. तुमचं तुम्ही सांगा त्याला."

तो हो म्हणेल असे तिला वाटले. दार लागले.

खिडकीजवळ जागा मिळाली तेव्हा तिने मागे पाहिले. तो थांब्याच्या बाकावर बसला होता. मागून दुसरी बस आली. माणसे त्याच्या गुडघ्यांना अडखळत चढत होती, आणि तो पाय आत घेत नव्हता.