उलटा बसवलेला टायर

मी टायर बोलतोय. शर्यतीच्या मोटरसायकलचा, मागच्या चाकाचा. आवाज जरा खरखरीत वाटेल, पण त्याला इलाज नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मला टाकाऊ म्हणायचं नाही. एकदा म्हणून झालंय, तेवढं पुरे!

कारखान्यातल्या साच्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर होतो, अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते. कुशीवर एक बाण कोरलेला. याच दिशेने फिरायचं, असा त्याचा हुकूम. आम्हा टायरांना तो बाण म्हणजे ब्रह्मवाक्य. तेव्हा मीही त्याला मानायचो.

माझ्या पहिल्या मालकाला सगळे चकाचक म्हणत. हेल्मेट चकाचक, बूट चकाचक, तंबू चकाचक, हाताखाली दोन मेकॅनिक. त्याने मला एक सकाळ पळवलं आणि जेवणाआधी उतरवलं. "गेला हा," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने खडूने माझ्यावर फुली मारली. गेला? अहो, मी आत्ता कुठे गरम होत होतो! पण ऐकतो कोण? शेडमागच्या ढिगात माझी रवानगी झाली.

त्या ढिगाशी दोघी आल्या, सासू आणि सून. सून बेकरीची डिलिव्हरी व्हॅन चालवायची आणि घरखर्चातून जे उरेल त्यात हौशी शर्यतीत उतरायची. सासू लाँड्रीत इस्त्री करून निवृत्त झालेली. आता सुनेची मेकॅनिक तीच, मॅनेजर तीच आणि मैदानाबाहेरून ओरडणारीही तीच. एकेक टायर अंगठ्याने दाबून ती असं काही बघत होती, की फळवाल्याला घाम फुटावा.

"आई, हा बघा. रबर चांगलं आहे, पण उजवी बाजू पार खाल्लीय."

"आणि डावी?"

"डावी कोरीच आहे. इथली वळणं बहुतेक उजवीकडचीच ना."

"मग अर्धा टायर नवा आहे म्हण की! उचल."

ब्रेडच्या ट्रेंना टेकून मी त्यांच्या घरी गेलो. तिथे भलतंच वातावरण तापलेलं. सुनेचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. माणूस शांत, पण त्या दिवशी जेवताना त्याने ताट बाजूला सारलं.

"एका शर्यतीत चेन तुटली, दुसऱ्या शर्यतीत तू पडलीस. अजून हात नीट वर होत नाही तुझा. या रविवारी शेवटच्या झेंड्यापर्यंत पोचलीस तर ठीक. नाहीतर गाडी विकायची. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

"कबूल," ती म्हणाली.

"अगं, कबूल काय कबूल!" सासू उखडली. "आणि तू रे? बायकोच्या गाडीला गिऱ्हाईक शोधत फिरतोस, लाज नाही वाटत?"

"भीती वाटते, आई," तो म्हणाला. "लाज नाही, भीती वाटते."

 सासूने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली माझी उलथापालथ झाली. साबणाचं पाणी, दोन लोखंडी पट्ट्या आणि सासूचा गुडघा. एवढ्या सामग्रीवर त्यांनी मला उलटा करून चाकावर बसवलं. माझी कोरी बाजू आली उजवीकडे. आणि बाण? बाणाचं तोंड मागे! मी मनातल्या मनात केवढा ओरडलो म्हणून सांगू.

"आई, बाण उलटा झाला."

"होऊ दे. त्या मेल्याला काय कळतंय? जन्मभर एकाच दिशेला बघत बसलाय."

हे ऐकलं मात्र, आणि माझ्या मनातलं काहीतरी सैल झालं. खरंच की! का म्हणून मी त्याचं ऐकायचं?

रविवारी तपासनीस आला. माझ्यापाशी वाकला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाण उलटा आहे. वर फुली पण आहे. टाकलेला टायर ना हा?"

"फुली खडूची आहे, साहेब," सासू म्हणाली. "टायर रबराचा आहे. रबर बघा."

त्याने बोट फिरवलं, नख रुतवून पाहिलं, हसला आणि गाडीवर पास झाल्याची पट्टी चिकटवली. इतरांच्या टायरांना विजेवर तापणारी पांघरुणं होती. मला मिळालं जुनं ब्लँकेट आणि आत खुपसलेल्या दोन शेकायच्या पिशव्या. पण झालो की गरम!

शर्यत सुटली. चकाचक क्षणात दिसेनासा झाला. गेला तर जाऊ दे. आम्हाला काळजी होती एकाच वळणाची, मैदानाच्या टोकाच्या मोठ्या उजव्या वळणाची. मागच्या खेपेला सून पडली होती ती तिथेच. दर फेरीला तिथे तिचे गुडघे टाकीला घट्ट आवळायचे, ते मला खाली कळायचं. टायरचं बोलणं चालवणाऱ्याला कानाने ऐकू येत नाही, ते सीटमधून समजतं. मी सांगत राहिलो, "झुक बिनधास्त, मी धरलंय."

शेवटच्या फेरीपर्यंत माझी कोरी बाजूही संपत आली. त्या वळणावर मी सरकलो. अख्खी गाडी आडवी होऊ लागली. कुंपणापाशी तिचा नवरा उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, नाही! आज नाही! बाणाच्या उलट फिरत होतो, तरी सगळा जोर लावून डांबर धरलं. तिने ॲक्सिलरेटरची मूठ जराशी सैल सोडली, आणि आम्ही दोघं सरळ झालो. शेवटून तिसरे आलो. पण झेंडा गाठला!

तिने हेल्मेट काढलं, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सासू टाळ्या पिटत होती. नवऱ्याचा मात्र पत्ता नाही.

"गेला कुठे हा?" सासू म्हणाली. सुनेचा चेहरा उतरला. तेवढ्यात शेडमागून तो आला, शर्ट काळाकुट्ट, चष्मा नाकावर घसरलेला आणि पुढ्यात घरंगळत येणारा एक टायर. त्यावर खडूची फुली होती.

"हा चालेल का बघ," तो म्हणाला. "डावी बाजू कोरी वाटतेय."

"आणि गिऱ्हाईक?"

"त्याला सांगितलं, गाडी मोडकी आहे."

माझ्या अंगातले धागे दिसायला लागले होते, त्यामुळे पुन्हा चाकावर चढणं शक्य नव्हतं. पण भंगारात गेलो असं समजू नका. त्याच मोठ्या वळणाच्या बाहेर टायरांची एक भिंत आहे, तीत मला बोल्टने आवळून बसवलंय. घसरलेली पोरं येऊन धडकतात, आम्ही त्यांना झेलतो. मागे एकदा चकाचकही आला होता. त्यालाही झेलला, कुरकुर केली नाही.

ती अजून शर्यतीत येते. दर फेरीला माझ्यासमोरून झुकून जाते आणि मी श्वास रोखून बघतो. पोरी, तू माझ्याकडे येऊ नकोस. अशीच समोरून निघून जात जा, माझ्याकडे बघूही नकोस. पण घसरलीसच कधी, तर घाबरायचं नाही. सरळ इकडे ये. मी आहे.